टाकीत पाणी आहे का बघा

जळगाव,
अक्षय्य तृतीयेच्या (आखाजीच्या) चार दिवस आधी

प्रिय अक्का,

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. इतकी वर्षं आपण दोघं बहीणभाऊ एकाच घरात राहिलो. तू खाली ओट्यावर, मी वर गच्चीवर. काही सांगायचं असलं की तू खालून हाक मारायचीस, मी वरून ओरडायचो, आणि गल्लीला आपल्या घरातलं सगळं ठाऊक असायचं. आज मात्र ओरडून भागणार नाही. म्हणून तुझ्याच तक्रारींच्या वहीतली उरलेली कोरी पानं फाडून बसलोय. रागावू नकोस, शेवटचीच पानं आहेत.

परवा मी धुळ्याला गेलो होतो, पुष्पाभाभींकडे. आठवतात ना? आपल्या शेजारच्या शेठजींची मोठी सून. ज्यांच्या घरच्या काळ्या फोनवर आपले निरोप यायचे, त्या. भावाभावांच्या वाटण्या झाल्यावर ते लोक धुळ्याला गेले, तिथं कापडाचं दुकान टाकलं, घर बांधलं. त्या घराच्या नळांना पाणी येईना, म्हणून भाभींनी मला बोलावणं पाठवलं. "धुळ्यातले प्लंबर काय मेले का?" म्हणून तुझी भावजय, निर्मला, कुरकुरली. तरी मी एसटी पकडून गेलो.

आणि तिथं भाभींनी मला सांगितलं, की नऊ वर्षांपूर्वी त्या दुपारी मला जो निरोप आला होता, "घरी प्रेशर एकदम कमी झालंय, लवकर या", तो नळाचा नव्हता. तो तुझा होता.

अक्का, तू मला का नाही सांगितलंस?

थांब. मी पुन्हा रागावूनच सुरुवात केली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पयले इचार, मंग पाना उचल." हे तुझं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की पुढं पुढं मला ते ऐकूच येईनासं झालं. फिटिंगचं काम मी शिकलो आयटीआयमध्ये, पण बिघाड शोधायला मला तू शिकवलंस. हे मी तुझ्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. आता करतो. उशीर झाला, पण करतो.

तुला आठवतं, ही वही कशी सुरू झाली? मी दिवसभर कामावर, आणि लोक घरी येऊन तुला सांगून जायचे. "वसंताला सांगा, नळाला पाणी कमी येतं." तू मला तसंच्या तसं सांगायचीस आणि मी चिडायचो. पाणी कमी येतं म्हणजे काय कळायचं? चार दिवस तू गप्प बसून माझी चिडचिड ऐकलीस. पाचव्या दिवशी शंभर पानी वही आणलीस आणि ओट्यावर दुकान मांडल्यासारखी बसलीस. तेव्हापासून माणूस आलं की आधी नाव. नाव लिहून झाल्याशिवाय तू तक्रार ऐकूनच घ्यायची नाहीस. "कोनं? पयले कोनं ते सांग." मग तुझे तीन प्रश्न.

"एकच नळ, का बठ्ठा?"

"अचानक व्हयनं, का हळूहळू?"

"वरना मजलावरच, का खाले बी?"

तुला कुणी हे शिकवलं होतं? पारोळ्याकडच्या आपल्या गावी विहिरीवरून पाणी आणण्यात तुझी हयात गेलेली. नळ तू पाहिलास तो मी जळगावला खोली घेतल्यावर, नवरा गेल्यानंतर माझ्याकडे राहायला आलीस तेव्हा. पण मी जेवताना जे बडबडायचो ते तू ऐकत होतीस. एकाच नळाची धार बारीक असेल तर वायसर फुगलेला किंवा नळाच्या तोंडाशी खार साठलेला. सगळ्यांची बारीक असेल तर मागं जा, व्हॉल्व्ह बघ, टाकी बघ. हळूहळू कमी झाली असेल तर पाइप आतून गंजला. अचानक झाली तर हवा तरी अडकली, नाहीतर कुणाच्या हातून व्हॉल्व्हचं चाक तरी फिरलं.

एकदा एक पेन्शनर मास्तर तणतणत आले होते. कालपर्यंत धो धो पाणी होतं, आज थेंब थेंब येतंय, तुमच्या भावानं काय काम केलं असलं! तू शांतपणे तीन प्रश्न विचारलेस आणि म्हणालीस, "मास्तर, जिनाखालनं चाक दखा. झाडताना कोनी फिरावं व्हई." तासाभरानं मास्तर केळीचा घड घेऊन आले. कामवालीनं झाडू मारताना चाक आवळलेलं होतं. मी घरी येऊन ऐकलं आणि तुझ्यावरच भडकलो. म्हटलं, "अक्का, तू माझी गिऱ्हाइकं घालवतेस!" तू माझ्यापुढं ताट सरकवलंस. "बठ्ठं काम तूच करशी, तं जेवशी कव्हय?"

घरात 'प्रेशर' हा शब्द किती स्वस्त झाला होता, नाही का? तुला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्या शब्दाचा पार गोंधळ झाला. डॉक्टर सांगायचे, "वरचं जास्त आहे, खालचं ठीक आहे." मी म्हणायचो, "बरोबर आहे, टाकी गच्चीवर आहे ना!" डॉक्टर गंभीर व्हायचे आणि तू पदर तोंडाला लावून हसायचीस. "मनं वाढस, नळनं कमी व्हस," म्हणायचीस, "दोन्हीले एक पाइप जोडी दे." निर्मलाला हे आवडायचं नाही. दुखण्याची थट्टा करू नये म्हणायची. तिचंच बरोबर होतं.

आता त्या उन्हाळ्याबद्दल लिहितो.

निर्मला पोरांना घेऊन आखाजीला चाळीसगावला माहेरी गेली होती आणि सण झाल्यावरही दोन आठवडे राहणार होती. घरात तू आणि मी. ऊन असं, की दुपारी नळ उघडला तर पहिलं पाणी चटका देऊन जायचं. कूलर बिघडल्याची ओरड सगळीकडे. आणि आपला कूलर? त्याची मोटर मी काढून नेली होती. पलीकडच्या गल्लीत कापूसवाल्यांची लेक बाळंतपणाला आली होती, त्यांच्या कूलरची मोटर जळाली, आणि बाजारात मोटर मिळेना. "आपली काढी दे," तू म्हणालीस. "ओली बाळंतीन शे. माले काय, माले त्या वाराना सांधा धरतस." मी दोन दिवसांत नवी आणतो म्हणालो. दोन दिवसांचे आठ झाले.

अक्का, सांधे धरतात हे खरं होतं का? मी तेव्हा विचारलं नाही. मला सोयीचं होतं ना! तुझे सांधे धरतात म्हटल्यावर नव्या मोटरची घाई उरली नाही.

त्या दिवशी मी स्टेशनपलीकडे वकिलांच्या बंगल्यात होतो. त्यांचा कूलर गरम वारा फेकत होता. बाजूच्या दोन गवताच्या ताट्या ओल्या आणि मधली ठणठणीत कोरडी. पाणी चढत होतं, पण ज्या नळीच्या भोकांतून ते ताटीवर पडतं, ती भोकं खारानं बुजली होती. तू दिलेलं दाभण होतं माझ्या पिशवीत, गोधड्या शिवायचं. त्यानं एकेक भोक मोकळं करत मागच्या गॅलरीत बसलो होतो. तेवढ्यात वकिलीणबाई जिन्यातून ओरडल्या, "वसंतराव, तुमच्या घरून फोन आहे! प्रेशर एकदम कमी झालंय, लवकर या म्हणतायत!"

मी उठलोसुद्धा नाही. माझ्या हातात दाभण होतं, पायाशी सगळा पसारा होता, आणि प्रेशर कमी झाल्याचे निरोप तर रोजचेच. बसल्या जागेवरून मी ओरडलो, "त्यांना म्हणावं, आधी टाकीत पाणी आहे का बघा! मी येतो संध्याकाळपर्यंत."

असं बोललो मी, अक्का. तुझ्या तीन प्रश्नांतला एकही विचारला नाही. तुझ्या वहीत नाव नसलेला निरोप कधी लिहिला गेला नाही, आणि मी बिननावाचा निरोप बसल्या जागी निकालात काढला. 'कोणाचं?' एवढं तोंडातून निघालं असतं तर? ते विचारायला किती श्वास लागतो?

मग कूलर सुरू केला. तिन्ही ताट्यांना हात लावून बघितला. मधलीसुद्धा भिजली होती आणि गार झुळूक यायला लागली होती. वकिलीणबाईंनी लिंबाचं सरबत दिलं. ते घेऊन मी त्या कूलरपुढे दहा मिनिटं बसलो. काम नीट झालंय की नाही ते बघायला बसलो, असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे मला बरं वाटत होतं म्हणून बसलो.

घरी आलो तेव्हा तीन वाजून गेले होते. दार लोटलेलं होतं. पिशवी टाकली, आणि मी कुठं गेलो माहीत आहे? मोरीत. नळ उघडला. मनगटाएवढी धार! माझं डोकं फिरलं. तिथूनच ओरडलो, "अक्का, प्रेशर तर चांगलं आहे की! उगाच उन्हात पळवलंस मला!"

मग आत आलो. तू मधल्या खोलीत चटईवर पडलेली होतीस, कुशीवर. ओठ सुकून पांढरे झालेले, डोळे अर्धे उघडे, अंग तव्यासारखं. खिडकीत आपला कूलर उभा, आत वाळलेलं गवत.

रिक्षात तुला घेऊन बसलो तेव्हा तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं. किती हलकी होतीस तू! मी रिक्षावाल्याला शिव्या घालत होतो. त्या बिचाऱ्याची काय चूक होती?

दवाखान्यात सलाइन लावलं. दिवेलागणीच्या सुमाराला तू डोळे उघडलेस. बाटलीकडे पाहिलंस, नळीकडे पाहिलंस, नळीवरच्या त्या बारक्या चाकाकडे पाहिलंस. नर्स ते फिरवून थेंब कमीजास्त करत होती. तू मला म्हणालीस, "हाऊ बी गेट व्हॉल्व्हच शे का रे?"

मी हसलो. म्हटलं, अक्का वाचली!

मग तू विचारलंस, "नळनं काम व्हयनं का?"

मी म्हणालो, "आपोआप झालं. मी काही केलंच नाही. मी आलो तेव्हा धार चांगली होती."

"बरं व्हयनं," तू म्हणालीस आणि डोळे मिटलेस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. ऊन लागलं, अंगातलं पाणी गेलं, त्यात आधीच प्रेशरचा त्रास, असं डॉक्टर म्हणाले. निर्मला पोरांना घेऊन दुपारच्या गाडीनं पोचली तेव्हा सगळं आटोपत आलं होतं.

नऊ वर्षं मी हेच धरून चाललो, की दुपारी नळाचं पाणी कमी झालं, मग ते परत आलं, आणि मग केव्हातरी तुला ऊन लागलं. तूच विचारलं होतंस ना नळाचं? मग निरोप नळाचाच असणार. लोक समाचाराला आले की मी सांगायचो, बघा, नळाचा निरोप होता म्हणून तरी मी तीन वाजता आलो, नाहीतर सहा वाजले असते. असं सांगून मी स्वतःची पाठ थोपटून घेत होतो, अक्का! लोक माना डोलवायचे.

पण तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मला कळायला हवं होतं. आपल्या गल्लीत पाणी सुटायचं पहाटे. दुपारी नळाला जे यायचं ते गच्चीवरच्या टाकीतलं. टाकी मी सकाळी स्वतः काठोकाठ भरून गेलो होतो. पाइप दोनच वर्षांपूर्वी बदललेला. व्हॉल्व्ह उघडा. मग प्रेशर कमी झालं कसं, आणि हात न लावता वाढलं कसं? परक्याच्या घरी असं झालं असतं तर कारण सापडेपर्यंत मी तिथून हललो नसतो. आपल्या घरी मात्र मी खोलात गेलो नाही. एकदाही गेलो नाही. कुठंतरी मला ठाऊक असणार, की खोलात गेलो तर काय सापडेल.

आता धुळ्याचं सांगतो.

भाभींच्या नव्या घरात स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर आहे. नळ उघडला की घुर्रर्र आवाज, दोन थेंब, आणि बंद. मी पिशवी खाली ठेवली आणि गंमत म्हणून तुझ्या आवाजात विचारलं, "भाभी, एकच नळ, का बठ्ठा?" त्या हसल्या. म्हणाल्या, "वरचे सगळे." मी म्हटलं, "अचानक व्हयनं, का हळूहळू?" म्हणाल्या, "टाकी धुतली, त्या दिवसापासून." मला कारण कळलं. टाकी पूर्ण रिकामी केली की पाइपात हवा शिरते, वळणावर अडकून बसते, आणि मग पाणी मागं थांबतं. तरी रीत म्हणून मी म्हटलं, "बरं, टाकीत पाणी आहे का बघितलं?"

भाभींच्या हातातला पेला खाली पडला. त्या भिंतीला टेकल्या आणि एकदम रडायलाच लागल्या. मला काही सुधरेना. "वसंतभाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी पण हेच विचारलं होतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सकाळी उन्हात वाळवण घालून तू आत आलीस आणि तुला घेरी आली. भाभींनी तुला भिंतीशी निजवलं, नाक्यावरच्या दवाखान्यातून कंपाउंडरला बोलावून आणलं. डॉक्टर बाहेरगावी होते. त्यानं दंडाला पट्टा बांधून बघितलं आणि म्हणाला, प्रेशर फार कमी झालंय, घरच्या माणसाला बोलवा, मोठ्या दवाखान्यात न्या. तुझ्या वहीत वकिलांचं नाव आणि फोन होता. भाभी धावत घरी गेल्या आणि फोन लावला. राजस्थानातून लग्न होऊन आलेल्या त्या, जळगावात जेमतेम वर्ष झालेलं, मराठीचे चार शब्द येत होते. त्या चार शब्दांत 'अक्कांचं' हा शब्द राहून गेला.

माझं उत्तर घेऊन त्या परत तुझ्याकडे आल्या. म्हणाल्या, अक्का, ते म्हणतात आधी टाकीत पाणी आहे का बघा.

आणि तू हसलीस! इतकी हसलीस म्हणे, की भाभींना वाटलं ऊन डोक्यात गेलं. हसता हसता तुला खोकला आला. मग म्हणालीस, "बराबर इचारं तेनी. टाकीमाच पानी नही."

अक्का, हे ऐकलं तेव्हा मी पाना खाली ठेवला आणि भाभींच्या ओसरीत जाऊन बसलो. तू माझ्या मूर्खपणातसुद्धा माझं बरोबर काढलंस! अंगातलं पाणी संपत आलं होतं आणि तू भावाच्या प्रश्नाला शाबासकी देत होतीस!

भाभी परत फोन करायला निघाल्या तर तू त्यांचा हात धरलास. "ऱ्हाऊ दे. तेनं काम आटपू दे." त्यांनी मीठ-साखरेचं पाणी करून दिलं. अर्धा पेला प्यायलीस. बरं वाटतंय, झोपते, म्हणालीस. तुमच्या घरची माणसं जेवायला येतील, जा, म्हणून त्यांना पाठवून दिलंस. आणि त्या उठल्या तेव्हा म्हणालीस, "भाभी, तेले हाई कधीच सांगू नको. तो मंग कोनाच नळले हात लावाव नही."

म्हणून दवाखान्यात तू मला नळाचं विचारलंस. शुद्ध आल्यावर दुसरं काही तुला बोलता आलं असतं. तहान लागली म्हणाली असतीस, भीती वाटते म्हणाली असतीस. तू मला नळाचं विचारलंस, कारण मी तो निरोप नळाचाच समजून चालावं, जन्मभर. आणि मी बावळटासारखं सांगितलं, आपोआप झालं!

मला राग आलाय तुझा. लिहूनच टाकतो. माझं काम, माझं काम करत तू स्वतःला मागं ठेवलंस. वकिलांचा कूलर एक दिवस बंद राहिला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? एक शब्द जास्त, "माझं", एवढंच तुला भाभींना सांगायचं होतं. दुसऱ्यांची नावं विचारून विचारून लिहिणारी तू, स्वतःचं नाव का नाही लिहिलंस? मी आलो असतो, अक्का. दाभण तिथंच टाकून, अनवाणी आलो असतो. हे तुला ठाऊक होतं की नाही? हा एकच प्रश्न आहे माझा, आणि त्याचं उत्तर मला कुणीच देऊ शकत नाही.

ओसरीत किती वेळ बसलो कोण जाणे. मग भाभी बाहेर आल्या. म्हणाल्या, "चूक माझी होती, वसंतभाऊ. 'अक्कांचं' म्हणाले असते तर तुम्ही आला असता. नऊ वर्षं मी नीट झोपले नाही. जळगाव सोडलं तेव्हा वाटलं सुटले. सुटले नाही." पंचवीस-तीस वर्षांची बाई ती. तेव्हा तर अगदीच पोरसवदा होती. तिनं हे ओझं एकटीनं वाहिलं, तुला दिलेल्या शब्दापायी.

मी म्हटलं, "भाभी, सांगणाऱ्याकडून अर्धंच सांगितलं जातं. विचारायचं माझं काम होतं. अक्कानं ते मला शिकवलं होतं."

त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आता नळाचं राहू द्या. तुम्ही घरी जा."

आणि तेव्हा मला तुझं ते वाक्य आठवलं, तो मग कुणाच्याच नळाला हात लावणार नाही. खरंच, अक्का, माझ्या मनात तेच आलं होतं. पिशवी तिथंच ठेवून निघावं, पुन्हा पाना हातात धरू नये. तू मला किती ओळखत होतीस!

मी उठलो. अंगणातल्या नगरपालिकेच्या नळाला त्या वेळी जोर होता. त्याला रबरी नळी लावली, दुसरं टोक वरच्या स्वयंपाकघरातल्या नळाला घट्ट बांधलं आणि पाणी उलटं चढवलं. मी गच्चीवर जाऊन टाकीपाशी कान देऊन बसलो. आधी काहीच नाही. मग पाइप खोकल्यासारखा दोनदा हादरला आणि टाकीत बुडबुडे आले, भरभर, पुष्कळ. अडकलेली हवा सगळी निघाली. खाली येऊन नळी काढली, नळ उघडला. जाड धार. भाभींनी धारेखाली दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मी त्यांना नळ बंद करा म्हटलं नाही.

तर अक्का, आता आखाजी चार दिवसांवर आलीय. तू गेल्यापासून दरवर्षी निर्मला गेलेल्या माणसांच्या नावानं मातीच्या घागरी भरते, वर खरबूज ठेवते, आंबा ठेवते. त्यात एक घागर तुझी असते. मी मात्र त्या सकाळी काहीतरी काम काढून घराबाहेर पडतो. इतकी वर्षं मला वाटायचं, मला ते सोपस्कार आवडत नाहीत. आज कळतं, तुला पाणी द्यायची वेळ आली की मी पळत होतो.

यंदा पळणार नाही. तुझी घागर मी भरीन. माझ्या हातानं, गाळून, थंड पाण्यानं, काठोकाठ. आणि तुला शब्द देतो, पाना मी सोडणार नाही. कुणीही येऊन प्रेशर कमी झालं म्हणालं, की हातातलं टाकून उठीन, जिना उतरून त्या माणसासमोर उभा राहीन आणि आधी विचारीन, "कोणाचं?" लोक हसतील. हसू देत.

पूर्वी तू खाली असायचीस आणि मी वर. आता तू वर आहेस, म्हणून मी खालून हाक मारतोय. ऐक. टाकीत पाणी आहे, अक्का. मी स्वतः बघून आलोय.

तुझा,
वसंता